दोन्ही काठांना मान्य होईल तो आकडा

पलूस तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. भूगोलात एम.ए. करताना त्याने प्रकल्पासाठी भारत-नेपाळ सीमेवरचं सहकार्य हा विषय घेतला आहे. दोन्ही देशांची लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, पाऊस, आयात-निर्यात असे बरेच आकडे त्याने जमवले आहेत. तो विचारतो, "सर, प्रादेशिक डेटा म्हणजे नेमका कोणता घ्यायचा, आणि त्यावरून दोन देशांनी मिळून काय करावं हे कसं मांडायचं?"

विषय चांगला निवडलात, आणि कृष्णाकाठच्या माणसाला तो लवकर उमजेल. मी पाटबंधारे खात्यात पाण्याच्या मोजमापाचं काम केलं. वरच्या राज्याचा आकडा खालच्या राज्याला पटत नाही तेव्हा काय होतं, हे सांगलीत राहून पुरेपूर पाहिलं आहे. दोन देशांच्या बाबतीतही तेच होतं, फक्त तिथं भांडण सोडवायला वर कोणी नसतं. माझं सांगणं एवढंच आहे, की सहकार्याचं नियोजन दोन्ही बाजूंनी मिळून मोजलेल्या किंवा निदान दोघांनी मान्य केलेल्या आकड्यावरच उभं राहतं. बाकीचे आकडे प्रस्तावनेत शोभतात, नियोजनात कामाला येत नाहीत.

सुरुवात तुमच्या जमवलेल्या आकड्यांपासून करू. देशपातळीवरच्या सरासऱ्या बाजूला ठेवा. सातारा जिल्ह्याचं पाहा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास असतो. या दोहोंची सरासरी काढून साताऱ्याचा पाऊस म्हणून लिहिलात, तर तो आकडा महाबळेश्वरलाही लागू नाही आणि माणमधल्या दहिवडीलाही नाही. आपल्या सांगलीत शिराळा आणि जत यांचं तेच. एका जिल्ह्यात ही गत, तर अख्ख्या नेपाळची सरासरी आणि अख्ख्या भारताची सरासरी शेजारी-शेजारी ठेवून नेपाळमधून बिहारात उतरणाऱ्या कोसी नदीच्या काठावरच्या गावाबद्दल काय कळणार? प्रादेशिक डेटा म्हणजे ज्या पट्ट्यात प्रश्न आहे त्या पट्ट्याचा डेटा. मग तो पट्टा दोन देशांत विभागलेला का असेना.

युरोपात हे काम फार आधी सुरू झालं. युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाने सगळ्या सदस्य देशांचे एकसारख्या मापाचे प्रदेश पाडले. त्या पद्धतीला 'नट्स' म्हणतात आणि २००३ पासून तिला कायद्याचा आधार आहे. सर्वांत लहान, म्हणजे तिसऱ्या पातळीवरच्या प्रदेशाची लोकसंख्या साधारण दीड लाख ते आठ लाख असावी असा संकेत आहे. त्यामुळे जर्मनीतला सीमेवरचा प्रदेश आणि पोलंडमधला त्याला लागून असलेला प्रदेश एकाच तक्त्यात, एकाच व्याख्येने, एकाच वर्षाचे दिसतात. सीमाभागातल्या सहकार्यासाठी १९९० मध्ये सुरू झालेली 'इंटररेग' योजना हाच पाया वापरते. पैसा कोणत्या पट्ट्याला द्यायचा हे ठरवायला तिथं आधी तक्ता होता. दक्षिण आशियात असा तक्ता कोणी करून दिलेला नाही. तुमच्या प्रकल्पाचं पहिलं आणि खरं काम तेच आहे.

तो करायला बसाल तेव्हा अडचणी कुठं येतात ते सांगतो. कोसीचा पट्टा धरा. बिहारचे नेपाळला लागून सात जिल्हे आहेत: पश्चिम चंपारण, पूर्व चंपारण, सीतामढी, मधुबनी, सुपौल, अररिया आणि किशनगंज. त्यांतले सुपौल आणि मधुबनी हे थेट कोसीचे. पलीकडे नेपाळचे सुनसरी आणि सप्तरी. सुनसरी कोशी प्रदेशात, तर सप्तरी मधेश प्रदेशात. हे प्रदेश २०१५ च्या राज्यघटनेनंतरचे आहेत, त्याआधी तिथं अंचल आणि विकास क्षेत्रं होती. म्हणजे जुन्या अहवालातला 'पूर्वांचल विकास क्षेत्रा'चा आकडा आजच्या कोशी प्रदेशाला जसाच्या तसा चिकटवता येत नाही. जिल्ह्यावर उतरलात तर बरंच निभावतं, म्हणून जिल्ह्यावर उतरा.

मग वर्षांचा घोळ. नेपाळची शेवटची जनगणना २०२१ ची, बांगलादेशची २०२२ ची, आणि आपली शेवटची पूर्ण झालेली जनगणना २०११ ची. सुपौलची २०११ ची माणसं आणि सप्तरीची २०२१ ची माणसं एका तक्त्यात टाकून 'पूरग्रस्त लोकसंख्या' काढणं म्हणजे आधीच चुकीचं उत्तर घेऊन निघणं. प्रत्येक आकड्याशेजारी वर्ष लिहा, आणि अंदाजाने पुढे आणलेला आकडा असेल तर तसं नोंदवा. आर्थिक वर्षही वेगळं. आपलं एप्रिल ते मार्च, बांगलादेशचं जुलै ते जून, नेपाळचं विक्रम संवताच्या साउनपासून असारअखेर, म्हणजे जुलैच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत. व्यापाराचे वार्षिक आकडे दोन्हीकडे जुळत नाहीत यामागचं एक कारण हे आहे. चोरटा व्यापार हे दुसरं, आणि ते कोणत्याही तक्त्यात येत नाही.

पाण्याच्या आकड्यांत तर एकाहून एक अडचणी आहेत, आणि इथं मी थोडा रेंगाळणार आहे, कारण इथंच माणसं बुडतात.

एकक पाहा. आपल्याकडे सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी फुटात बोलली जाते, धरणाचा साठा टीएमसीत (म्हणजे अब्ज घनफुटांत), विसर्ग क्युसेकमध्ये (म्हणजे सेकंदाला किती घनफूट) आणि खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी मीटरमध्ये. एक टीएमसी पाणी चोवीस तास सारखं सोडायचं तर विसर्ग ११,५७४ क्युसेक लागतो, हा आकडा पाठ करून ठेवा, रोज उपयोगी पडेल. नेपाळचा जल आणि हवामान विभाग विसर्ग सेकंदाला घनमीटर असा देतो, बिहार क्युसेकमध्ये देतो. एक घनमीटर म्हणजे सुमारे ३५.३ घनफूट. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस कोसी बॅरेजमधून ६ लाख ६१ हजार क्युसेक पाणी गेलं, १९६८ नंतरचं ते सर्वाधिक. नेपाळच्या भाषेत ते सुमारे १८,७०० घनमीटर. पुराच्या रात्री फोनवर फक्त "अठरा हजार सातशे" एवढंच ऐकू आलं, तर क्युसेकची सवय असलेल्या माणसाला तो नदीचा किरकोळ प्रवाह वाटेल.

वेळ पाहा. आपला चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात. नेपाळमध्ये पावणेनऊला. घड्याळात पंधरा मिनिटांचा फरक असल्याने क्षण तोच येतो, हे नशीब. पण चीनमध्ये मोजणीची सकाळ बीजिंगच्या आठ वाजता होते, म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे साडेपाच. तिबेटमधला 'कालचा पाऊस' आणि अरुणाचलमधला 'कालचा पाऊस' यांत तीन तासांचं अंतर पडतं. डोंगराळ नदीला तीन तास पुष्कळ झाले.

आणि उंचीचं शून्य. यात भलेभले फसतात. ऱ्हाईन नदीवर लाउफेनबुर्ग गाव आहे, एका काठावर जर्मनी, दुसऱ्यावर स्वित्झर्लंड. दोघांनी दोन बाजूंनी पूल बांधायला घेतला. समुद्रसपाटी म्हणून जर्मनी उत्तर समुद्राची पातळी धरतं, स्वित्झर्लंड भूमध्य समुद्राची. दोन्हींत २७ सेंटिमीटरचा फरक आहे, हे अभियंत्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी तो हिशेबात घेतलाही. पण अधिकच्या जागी वजा झालं. २००३ मध्ये दोन्हीकडची बांधकामं जवळ आली तेव्हा त्यांत ५४ सेंटिमीटरचा फरक निघाला. हे दोन सधन देश, भांडण काही नाही, नकाशे उत्तम. बांगलादेशात पाण्याची पातळी ज्या जुन्या शून्यावरून मोजतात तो समुद्रसपाटीच्या सुमारे ४६ सेंटिमीटर खाली आहे. पद्मेच्या सपाट खोऱ्यात अर्धा मीटर म्हणजे कित्येक गावं आत किंवा बाहेर.

आपल्याकडेही हेच. आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. हे फूट मोजपट्टीवरचे आहेत. पट्टीचा शून्य समुद्रसपाटीपासून किती उंचीवर बसवला आहे ते जोडल्याशिवाय त्यांची तुलना अलमट्टीच्या ५१९.६० मीटर या पूर्ण साठ्याच्या पातळीशी होत नाही. महापुरानंतर चौकाचौकात झालेल्या वादांत ही जोडणी फार थोड्यांनी केली होती.

त्या वादातून मी जे शिकलो ते तुमच्या विषयाशी थेट संबंधित आहे. २००५ चा महापूर झाला तेव्हापासून अलमट्टीच्या फुगवट्याचा, म्हणजे धरणाचं पाणी मागे नदीत तुंबतं का याचा, प्रश्न सांगलीत धुमसतो आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. कारणं शोधायला नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, २०२० मध्ये अहवाल आला. तरी लोकांचं समाधान झालं नाही. का झालं नाही? माझ्या मते अहवाल एका बाजूचा होता, यामुळे. चांगला की वाईट, हा मुद्दाच नाही. कर्नाटकच्या अभियंत्यांनी आणि आपल्या अभियंत्यांनी एकाच होडीत बसून राजापूर बंधारा, हिप्परगी बॅरेज आणि अलमट्टी यांच्या दरम्यान नदीची पातळी मोजली असती, आणि खाली दोघांच्या सह्या असत्या, तर तो आकडा घेऊन पुढचं बोलता आलं असतं. जून २०२१ मध्ये आपले तेव्हाचे जलसंपदामंत्री जयंत पाटील बंगळूरला जाऊन तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पांना भेटले, आणि पावसाळ्यात दोन्ही राज्यांनी आवक-विसर्गाची माहिती वेळच्या वेळी एकमेकांना द्यायची यावर बोलणं झालं. हा रस्ता मला बरोबर वाटतो. फुगवटा आहे की नाही हा वाद न्यायालयात चालू राहू दे, पण "आज दुपारी अलमट्टीतून किती सोडलं" हे दोघांना एकाच वेळी कळलं तर गावं रिकामी करायला वेळ मिळतो.

आता हाच विचार दोन देशांना लावा. त्याचं सर्वांत चांगलं उदाहरण गंगेचं आहे. १२ डिसेंबर १९९६ ला भारत आणि बांगलादेश यांच्यात पश्चिम बंगालमधल्या फराक्का बॅरेजपाशी येणाऱ्या पाण्याच्या वाटपाचा तीस वर्षांचा करार झाला. तो नीट वाचा, कारण तो जवळजवळ सगळा आकड्यांचाच आहे. १ जानेवारी ते ३१ मे हा काळ दहा-दहा दिवसांत तोडला आहे. फराक्क्याला पाणी ७० हजार क्युसेक किंवा त्याहून कमी असेल तर निम्मं-निम्मं. ७० ते ७५ हजार असेल तर बांगलादेशला ३५ हजार आणि उरलेलं भारताला. ७५ हजारांच्या वर असेल तर भारताला ४० हजार आणि उरलेलं बांगलादेशला. ११ मार्च ते १० मे या टंचाईच्या काळात दोघांना आळीपाळीने दहा दिवस ३५ हजारांची हमी. पाणी ५० हजारांच्या खाली गेलं तर दोन्ही सरकारांनी लगेच एकत्र बसायचं. आणि मोजायचं कसं? फराक्क्याला आणि पलीकडे हार्डिंग पुलाजवळ दोन्ही देशांची संयुक्त पथकं मोजतात. राजकारण कितीही तापलं तरी या पद्धतीने वर्षानुवर्षं काम केलं, कारण आकड्यावर भांडायला जागा ठेवली नव्हती.

त्यातलं वैगुण्यही पाहा. करारासोबत जो तक्ता आहे तो १९४९ ते १९८८ या चाळीस वर्षांच्या सरासरीवर आहे. जानेवारीच्या पहिल्या दहा दिवसांसाठी त्यात १,०७,५१६ क्युसेक धरलेत. वरच्या भागात उपसा वाढला, विहिरी वाढल्या, पाऊस बदलला, पण तक्त्यातला आकडा तिथंच राहिला. मग एखाद्या वर्षी पाणी कमी आलं की खालच्याला वाटतं वरच्याने अडवलं. या कराराची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंतची. तुमच्या प्रकल्पात शिफारस लिहायची झाली, तर ही लिहा: आधारभूत सरासरी दर दहा वर्षांनी दोघांनी मिळून नव्याने काढायची, असं कलमच करारात हवं.

सगळ्यांत जास्त शिकवणारी घटना मात्र तुमच्या कोसीवरचीच आहे. १८ ऑगस्ट २००८ ला नेपाळमध्ये कुसहा इथं कोसीचा पूर्वेकडचा बांध फुटला. नदी आपलं जुनं पात्र धरून सुपौल, मधेपुरा, अररियात घुसली. बिहारमध्ये तीस लाखांच्या वर लोकांना त्याचा फटका बसला, नेपाळमध्येही हजारोंना. त्या वेळी नदीत पाणी होतं दीड लाख क्युसेकच्या आसपास. बॅरेजची क्षमता साडेनऊ लाखांची. म्हणजे विसर्गाचा आकडा कितीही अचूक आणि कितीही लवकर मिळाला असता, तरी त्यावरून कोणी इशारा दिला नसता. गरज होती ती बांधाच्या प्रकृतीच्या माहितीची: कुठला स्पर (प्रवाह बांधापासून दूर ठेवणारा आडवा धक्का) खचला, नदी कोणत्या बाजूला सरकते आहे, दुरुस्तीचं सामान पोहोचलं की नाही. १९५४ च्या करारानुसार बांध नेपाळच्या भूमीवर आणि देखभाल भारताची. पाहणारा एका देशाचा, दुरुस्त करणारा दुसऱ्याचा. अशा ठिकाणी सहकार्याचा डेटा म्हणजे बांधाच्या प्रत्येक किलोमीटरची दोघांनी मिळून केलेली पाहणी, फोटोसकट, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात. हे काम पावसाच्या यंत्रांपेक्षा स्वस्त आहे, आणि त्याचं श्रेय कोणाला मिळत नाही म्हणून ते मागे पडतं.

म्हणून माझी पद्धत अशी: तक्त्यात रकाना आखण्याआधी विचारा, हा आकडा आला की कोण काय करणार? पाणी साडेचार लाख क्युसेक झालं की कोणत्या जिल्ह्याचा अधिकारी कोणत्या गावांना कळवणार, जनावरं कुठं नेणार, नावा कुठून येणार? ज्या रकान्याला असं उत्तर नाही तो काढून टाका. दरडोई उत्पन्नाचा रकाना बहुधा इथंच गळेल.

शेजाऱ्याने डेटा द्यायचंच थांबवलं तर काय, हा प्रश्न तुम्हाला तोंडी परीक्षेत नक्की येईल. तसं होतं. ब्रह्मपुत्रेच्या पुराची माहिती चीनने २००२ च्या समजुतीनुसार नुगेशा, यांगचुन आणि नुशिया या तीन केंद्रांवरून द्यायची होती. डोकलामचा तणाव झाला त्या २०१७ च्या पावसाळ्यात ती आली नाही, पुढच्या वर्षी पुन्हा सुरू झाली. सिंधू पाणीवाटप करार १९६० चा, त्यात रोजच्या नोंदी दरमहा एकमेकांना देण्याची तरतूद आहे. युद्धांतही तो टिकला, पण पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो स्थगित ठेवला. डेटा हा राजकारणाच्या बाहेर राहत नाही, हे मान्य करूनच नियोजन करावं लागतं. उपग्रह काही अंशी हात देतात. रडारचा उपग्रह ढगांतूनही पूर पाहतो, पातळी मोजणारे उपग्रह मोठ्या नद्यांची उंची सांगतात, आणि बांगलादेशने सीमेपलीकडच्या पाण्याचा अंदाज घ्यायला त्यांचा उपयोगही केला आहे. पण उपग्रह रोज त्याच जागी येत नाही, आणि बांधाला पडलेली भेग त्याला दिसत नाही.

दुसऱ्या बाजूचं उदाहरण आग्नेय आशियातल्या मेकाँग नदीचं. खालच्या चार देशांचा आयोग १९९५ पासून आहे, चीन त्याचा पूर्ण सदस्य नाही. तरी २०२० मध्ये चीनने आपल्या दोन केंद्रांची वर्षभराची माहिती द्यायचं मान्य केलं. आधी ती फक्त पावसाळ्यापुरती होती, आणि खालच्यांना गरज उन्हाळ्यातली होती. म्हणजे कोणत्या महिन्यांचा डेटा हाही वाटाघाटीचा विषय असतो. आपण उन्हाळ्यात कर्नाटकला कोयनेतून पाणी सोडतो आणि जतच्या पूर्व भागासाठी कर्नाटकच्या तुबची-बबलेश्वर योजनेच्या पाण्याची मागणी करतो, तेही असंच देण्याघेण्याचं गणित आहे.

आता तुमच्या कामाचं. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू खोऱ्यांचा विसर्गाचा डेटा आपल्याकडे सर्वांसाठी खुला नाही, त्यामुळे त्यासाठी अर्ज करण्यात वर्ष घालवू नका. कृष्णेचा डेटा मात्र इंडिया-डब्ल्यूआरआयएस या केंद्र सरकारच्या जलमाहितीच्या संकेतस्थळावर मिळतो. पहिल्या महिन्यात कऱ्हाड, अर्जुनवाड आणि कुरुंदवाड या केंद्रांच्या २०१९ आणि २०२१ च्या पातळ्या घ्या, त्यांची वेळ, एकक आणि शून्य एक करा, आणि अलमट्टीच्या रोजच्या पातळीशेजारी मांडा. हात बसला की कोसीकडे वळा. नेपाळच्या जल आणि हवामान विभागाकडून कोसीवर बॅरेजच्या वर असलेल्या चतरा केंद्राच्या नोंदी मागा, अर्ज विभागप्रमुखांच्या सहीने जाऊ दे. बिहारच्या बाजूला पूर व्यवस्थापन माहिती केंद्राची रोजची बुलेटिनं आहेत, ती दोन पावसाळ्यांची उतरवून घ्या. दोन्हींमधून एका पुराचे दहा दिवस निवडा, तासागणिक मांडा, आणि चतऱ्याला पाणी वाढल्यापासून बॅरेजला वाढेपर्यंत किती तास मिळाले ते काढा. ते तास हातात आले की मला पाठवा, त्यात सुपौलची कोणती गावं हलवता येतात ते मिळून पाहू.